अकरा घरं

मंगळवारी एकच सोनाटा मी नऊ वेळा वाजवला.
पियानो तोच, स्टूल तेच,
पानं उलटणारा एवाल्ड्सही तोच,
फक्त उजवीकडे व्हायोलिन घेऊन उभं राहणारं मूल बदलत होतं.

परीक्षक सात, सात देशांचे.
त्यांच्या कागदावर माझ्यासाठी रकाना नसतो,
आणि ते बरंच आहे.
बत्तीस वर्षं लीएपायाच्या संगीतशाळेत साथ करून
मला एवढंच येतं,
दुसऱ्याच्या श्वासावर हात ठेवणं.

गज टेकवण्याआधी मूल श्वास घेतं.
तो कुठल्याही स्वरलिपीत लिहिलेला नसतो.
येरेवानचा ह्रांत नाकाने घेतो, वासरासारखा, जोरात.
तार्तूची पिरेत घेतच नाही बहुतेक,
तिच्या खांद्यावर नजर ठेवावी लागते.
देगूची सो-युल इतक्या हळू घेते
की वाटतं, सभागृहातली हवा पुरवून वापरते आहे.

सहावा वेइक्को, औलूहून आलेला, बारा वर्षांचा.
एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी.
दुसऱ्या भागात, जिथे माझ्याकडे फक्त डाव्या हाताचे
चार विरळ सूर आहेत,
त्याचा गज हवेत थबकला,
अंधारात जिना उतरताना पायाला पायरी लागू नये तसा.
आणि मग तो थेट अकरा घरं पुढे उतरला.

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल.
हातांनी उडी मारली.
डाव्याने आधी, उजव्याने त्याच्या मागोमाग,
एवाल्ड्सचं बोट अजून जुन्याच पानावर,
आणि आम्ही दोघं एकदमच पोचलो,
जणू रस्ता तिथूनच जात होता.

कोणी खोकलंसुद्धा नाही.
फक्त तिसऱ्या खुर्चीवरच्या परीक्षक बाईंनी मान वर केली,
माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही,
आणि पेन्सिल कानामागे खोचली.

संध्याकाळी यादी लागली, कोट ठेवायच्या खोलीशेजारी,
चार टाचण्यांवर.
अंतिम फेरीत सहाजण. सहावा वेइक्को.
सातवी सो-युल, चार दशांशांनी मागे.
ती सगळी वाट चालून गेली होती,
एकही घर न गाळता.

मला कोणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं,
पडणाऱ्या पोराला हात देतात, त्यात काय!
पण मग चार दशांश म्हणजे केवढे, असं कोणी विचारलं असतं तर?
गजाचा एखादा केस.
दीडशे केसांतला, तुटला तरी मुलं
वाजवता वाजवता उपटून टाकतात तो.

सो-युल आली. कमरेत वाकली.
दोन्ही हातांनी आल्याच्या वड्यांची पुडी पुढे केली.
म्हणाली, तुमच्याबरोबर वाजवताना भीती वाटली नाही.
मी म्हटलं, छान वाजवलंस.
म्हटलं तेही लाटवियन भाषेत,
येत असलेलं इंग्रजी नेमकं तेव्हा सुचलं नाही.
तिची आई पाठमोरी, व्हायोलिनच्या पेटीची कडी
पुन्हा पुन्हा लावून बघत होती.

ट्राम सोडून दिली, चालत घरी आले.
समुद्रावरून वारा, आमच्या गावात तो असतोच,
भाडं न देणारा भाडेकरू.
दारातल्या पायपुसण्यावर जरा उगाच रेंगाळले.

दहा वाजून गेले की पियानो वाजवायचा नाही,
पलीकडे लुद्मिलाबाई आजारी, भिंत पातळ.
कोट अंगातच ठेवून बसले,
आल्याची एक वडी दाढेखाली,
झाकण न उघडता, नुसत्या लाकडावर
बोटांनी वाजवायला घेतली ती अकरा घरं,
दुपारी आम्ही दोघांनी ओलांडलेली.

नखं लागून बारीक टकटक होत होती.
उजवीकडे बघायची सवय, बघत होते.

नवव्या घरापाशी हात थांबले.
तिथे ती श्वास घेते.