सांधा

एक नोव्हेंबर. वडगावात शटरं खाली.
बस नाही, रिक्षा नाही. निघतानाच फोन केला :
प्लेटी बाहेर काढून ठेव गं, इरव्वा.
ती म्हणाली, काढल्या की. सकाळीच.

पोचायला दुपार झाली.
डीएनए तोडणारं औषध दोन्ही प्लेटींत सारखंच.
डावीकडं यीस्ट धड, रव्यासारखं दाणेदार उगवलेलं.
उजवीकडच्यातलं एकच जनुक काढलं होतं,
तिथं काहीच नाही.
नुसतं पिवळट आगर, आणि झाकणावर
इरव्वाच्या कन्नड आकड्यांत तारीख.

त्या जनुकाचं काम एवढंच :
तुटलेलं टोक धरून
जोडीचा शाबूत धागा शोधत हिंडायचं,
सापडला की त्याच्यावरून वाचून सांधायचं.
आमच्या गल्लीतल्या निंगोजीला सांगितलं होतं,
मागावर तू दिवसभर हेच करतोस.
म्हणाला, मग त्याला मजुरी कोण देतंय?

संगणकावर ओळी एकाखाली एक लावते.
यीस्ट. भात. झुरळ. कोंबडी. माणूस.
निम्म्याहून जास्त अक्षरं जागची हललेली नाहीत
शंभर कोटी वर्षांत.
तळाला जिवाणू. तिथं बरंचसं पुसलंय,
पण जिथून बळ घ्यायचं
ती जागा तीच.

इरव्वा मागून वाकते :
तुमचं तूप, आमचं तुप्पा, तसंच काय हे?
नाही गं. ते शेजारणीकडनं वाटीभर आणलेलं.
हे घरातच होतं,
घर बांधायच्या आधीपासून.
ती जरा थांबते. मग म्हणते, वाटी कुणी परत केली?
मला येत नाही उत्तर.

आई गोकाकची, बाबा नंदगडचे.
राग आला की आई कन्नडच बोलायची,
बाबांना तेवढंच कन्नड नीट समजायचं.
मी अजून तिच्या पोटातच होते
तेव्हा माझ्या इवल्या बीजांडांत
तिचा धागा आणि त्यांचा धागा शेजारी शेजारी आले,
आणि पेशीनं ते आपणहून तोडले.
शेकडो ठिकाणी. मुद्दाम.
मग बरेचसे होते तसे सांधले,
थोडे याचं टोक त्याला.
ते कुठे कुठे, मला कधीच कळायचं नाही.

संध्याकाळी शटरं अर्धी वर.
निंगोजीचा माग खडखडत होता,
एकाएकी थांबला.
मी त्याच्या दारात उभी राहिले,
पिशवी या हातातून त्या हातात घेत,
तो पुन्हा सुरू होईपर्यंत.