वरचं

डावीकडे गाजर. उजवीकडे बटाटा.
मधल्या वाटीत रव्याची पेज, बिनमिठाची.
नारीनची खिडकी बर्फानं अर्धी बुजलेली.
साईरा आपा म्हणाल्या, मेंढीच्या शेपटीची चरबी दे चोखायला,
आम्ही सगळे त्यावरच वाढलो.
दवाखान्यातली म्हणाली, नको, घशात अडकेल.
दोघी गेल्या.
उरलो मी,
बारा वर्षं ट्रक हाकलेल्या हातात
भातुकलीतला वाटावा असा चमचा.

गाजर तिनं जिभेनं बाहेर ढकललं,
अगदी सावकाश,
बँकेत फाटकी नोट परत करतात तसं.
बटाट्याला नुसतीच शहारली.
पेज हनुवटीवरून गळ्याच्या वळीत.
मी म्हटलं, बाई गं, काहीतरी निवड.
फ्रीझरमधली दुधाची शेवटची पिशवी काल संपली.
तिच्यावर उपेलच्या अक्षरात तारीख.
धुऊन वाळत घातलीय,
कशाला ते विचारू नका.

रात्री मॉस्कोहून फोन.
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली फरशी
नुकतीच पुसून झाली होती.
‘काय खाल्लं?’
मी फोन फिरवला.
ऐझिरेक आईच्या तोंडाकडे बघत राहिली
आणि तिनं आ केला.
मी घाईनं चमचा सरकवला;
गाजर होतं की बटाटा, आता आठवत नाही.
गिळलं.

पलीकडे उपेल हसली,
मग एकदम
कोट छातीशी घट्ट ओढून घेतला.
‘अजून दे,’ म्हणाली, ‘थांबू नकोस,’
आणि फोन छताकडे वळवला.