समास

पाटगावकरबाई फळ्यावर पट्टी आपटून म्हणायच्या,
समास सोडा. डावीकडे दोन बोटं कोरं.
कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता कुवेतला, शुवैखजवळच्या इस्पितळाच्या तळघरात
मी रोज तोच समास मोजते:
गाठ कुठे संपली, सुरी कुठून गेली,
मधे किती कोरं राहिलं.

स्वादुपिंड वरून येतं तेव्हा अजून कोमट असतं.
मागच्या अंगाला पिवळी शाई, पुढे तांबडी,
शिरेच्या खोबणीत निळी, धमनीकडे हिरवी.
मिरजेला शिकताना आम्ही याला रंगपंचमी म्हणायचो
आणि हसायचो. वय होतं ते.
मग फॉर्मॅलिन, मग मेण, मग कागदाहून पातळ काप.
रंग तेवढे पुसले जात नाहीत.

डॉक्टर मिशारींचा प्रश्न साधा आहे.
यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड;
नऊ वर्षं, दोनशे चौदा माणसं.
ज्यांना आपण ‘सगळं निघालं’ म्हणालो
त्यांचं निघालं होतं का?
जुना नियम म्हणायचा, गाठ शाईला टेकली नाही, झालं.
नवा म्हणतो, मधे एक मिलिमीटर तरी हवा.
म्हणून कपाटातल्या काचा पुन्हा काढायच्या.
नावांवर चिकटपट्टी. दिसतात ते आकडे.

पण एकशे सदतिसावी काच मला ओळखू येते.
निळ्या शाईत एक केस अडकलाय, माझ्याच ब्रशचा.

मुनाफ हमदुले. जैतापूरचे. क्रेनवाले.
डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे.
माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून मराठीत म्हणाले,
“बाई, कलेजी तव्यावर परततो, ती यकृताची.
आणि काळीज तुटतं म्हणतो, तेव्हा हात छातीवर.
हा घोळ घातला कुणी?”
शेजारच्या खाटेशी एक म्हातारी
आपल्या झोपलेल्या लेकाला म्हणत होती, चब्दी, चब्दी.
मी अर्थ सांगितला: माझं यकृत.
मुनाफभाई किती वेळ तिच्याकडे बघत राहिले.
“ह्यांना बरोबर ठाऊक आहे,” म्हणाले.

साडेसात तास चाललं.
चौथ्या दिवशी, नाकात नळी असतानाच:
“निघालं ना सगळं?”
ते सांगायचा अधिकार माझा नव्हता.
कागदावर होतं, कडा मोकळ्या.
कागद त्यांनी घडी घालून पासपोर्टात ठेवला.
चौदाव्या महिन्याच्या रकान्यात
एक तारीख आहे. पुढचे रकाने कोरे.

आज भिंगातली पट्टी त्या निळ्या रेघेला लावली.
शून्य पूर्णांक आठ.
पुन्हा. शून्य पूर्णांक आठ.
दोनदाच मोजायचं, असं ठरलंय.
मी तिसऱ्यांदा मोजलं, काच जराशी तिरकी करून,
वाण्याने तागडीला करंगळी लावावी तसं.
नऊ आलं.
नऊ घेऊन मी काय करणार होते?

आठ लिहिलं.
ओळ एका रकान्यातून उचलली, दुसऱ्यात ठेवली.
चार वर्षांनी, कुणाला न कळवता,
मुनाफभाईंना उत्तर दिलं.

दुपारी डॉक्टर मिशारी चहाचा कागदी पेला घेऊन खाली आले.
“किती सरकले?”
“आतापर्यंत एकोणीस.”
ते स्टुलावर बसले. चहा तसाच.
वर शमाल सुटला असावा, त्यांच्या बुटांना पीठभर धूळ होती.
मग म्हणाले, उद्यापासून धमनीच्या मागे
आणखी थोडं आत जाऊ.
थोडं म्हणजे किती, मी विचारलं.
त्यांनी अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख जवळ आणलं,
टेकू दिलं नाही.
त्या फटीतून मला पलीकडचा दिवा दिसत होता.

अजून सत्त्याहत्तर राहिल्यात.
एकशे अडतीस. पित्ताशय.
नावावर चिकटपट्टी.