पुराव्याला हात लावू नका

मुंजाजी गुत्तेदार शेवटचा आला
त्या दिवशी चहा पिऊन कप विसळून पालथा घालून गेला.
एवढं एकच काम त्यानं पुरं केलं.

स्वयंपाकघराची मावळतीची भिंत पाडलेली.
शहाबादी उखडून आवारात रचलेली.
ओट्याचा ग्रॅनाइट जिंतूर रोडच्या कुठल्याशा दुकानात,
माझ्या पीएफचे तीन लाख चाळीस हजार
त्याच्या खिशात,
आणि फोन? आधी वाजायचा, मग बिझी,
आता ती बाई बोलते, बंद आहे म्हणून.

ठाणेदार म्हणाले, "हे दिवाणी आहे, मावशी."
नव्या मोंढ्यापासून घरापर्यंत
मी तेच घोळवत आले, दिवाणी कोण?

फरहाना वकिलीणबाईंनी विचारलं, करार?
वहीचं मागचं पान दाखवलं. त्याच्याच अक्षरात
"ओटा, फरशी, न्हाणी, रंग. दीड महिना." सही.
खाली माझा दुधाचा हिशोब.
दुधाचंही झेरॉक्स घ्या, म्हणाल्या,
तारीख त्यातच आहे.
मग म्हणाल्या, आधी नोटीस, मग ग्राहक आयोग,
दोन वर्षांच्या आत,
आणि तोवर पुराव्याला हात लावू नका.

तेव्हापासून आम्ही पुराव्यात राहतो.
पुराव्यात फोडणी देतो, पुराव्यातून ऊन येतं,
सुनेनं पुराव्याला जुनी साडी बांधली.
आठ दिवसांनी नळ येतो
तेव्हा पुरावा गळतो.

नोटीस परत आली. पाकिटावर पोस्टमनच्या लाल अक्षरात
"घेण्यास नकार".
वकिलीणबाई खूश. नकार म्हणजे पोचली, समजा.
मला हे नवीन होतं.
बत्तीस वर्षं पोलिओचे डोस घेऊन मी गल्ल्या फिरले,
कुणी तोंडावर दार लावलं
की दारावर खडूनं फुली मारायची
आणि उद्या पुन्हा जायचं. नकार म्हणजे
पोचलं नाही, असंच मी शिकले होते.
तरी बरं, पुन्हा जायची सवय आहे.

रविवारी देवराव मिस्त्री आला, विसरलेला ओळंबा न्यायला.
त्याचेही अकरा दिवस मुंजाजीनं बुडवलेत.
साक्ष देशील का, विचारलं.
काही बोलला नाही. न्हाणीच्या नव्या भिंतीला
ओळंबा लावून बराच वेळ उभा राहिला,
दोरी हलायची थांबेपर्यंत.
"दीड बोट भाईर गेलीय," म्हणाला,
"लिहून घ्या.
माझ्याच हातची हाये."