नऊ मासे, दोन गुंजा

कंपनीच्या कागदांवर त्याला लांबलचक नाव आहे.
केल्दाच्या खाणीत आम्ही नुसतं झारेन म्हणतो.
रंग शिळ्या राखेचा. चव, जिभेला लावलंत तर,
रडून झाल्यावरच्या ओठांची.
गंजत नाही, चकाकत नाही,
त्याचे दागिने कुणी घडवत नाही.

खोड एकच:
एका पळीतून ओतलेले दोन तुकडे
लांब नेले की दोन्ही जड होतात.
जेवढं अंतर, तेवढा भार.
का, ते मला विचारू नका.
मी वजनं करते, कारणं नाही.

म्हणून जहाजावर जाणाऱ्याच्या गळ्यात एक चकती
आणि घरच्यांच्या हातात तिची जोडीदार.
ओतताना प्रत्येक चकती नऊ मासे, दोन गुंजा.
(मापं फार जुनी आहेत. इथवर कुणी आणली, ठाऊक नाही.)
दूर गेलेल्यांच्या माना वाकतात म्हणे.

दर अकराव्या दिवशी काटा क्रमांक चारपुढे रांग लागते.
हाद्रुक म्हातारा चकती फडक्यात बांधून आणतो,
हल्ली ती दोन्ही हातांनी उचलावी लागते.
"वाढलं?"
"चार तोळे."
तो मान डोलावतो,
पोरगा वरच्या वर्गात गेल्यासारखी.

तामेश्राची तीन वर्षं तेवढ्यास तेवढी.
पोचला असेल कुठेतरी, ती म्हणते,
घर केलं असेल, छप्पर गळत असेल.
मेलेल्याचंही वजन तेवढंच राहतं,
हे तिला ठाऊक आहे. मलाही.
आम्ही पाण्याच्या रेशनबद्दल बोलतो.

एकदा येव्हिनची चकती गुंजभर हलकी भरली.
त्या रात्री अख्खा बोगदा जागा होता,
शेवाळाची दारू निघाली,
जहाज यायला अजून सात वर्षं होती तरी.

आणि माझी?
ओसिनची जोडीदार माझ्या खणात, खिळ्यांच्या डब्यात,
बावीस वर्षं.
भांडण आईच्या श्वासाच्या नळीवरून झालं,
रात्रभर ती धरून कुणी बसायचं, यावरून.
ती म्हणाली, तुला काय, तू सगळ्यांनाच तोलतेस.
मग जहाज सुटलं. मी धक्क्यावर गेले नाही.

काल रांग संपल्यावर, दिवा विझवण्याआधी,
डबा काढला.
बावीस वर्षांत खण मोडायला हवा होता.
हे इतके दिवस माझ्या कसं लक्षात आलं नाही?
चकती दोन बोटांत आली.
काटा जेमतेम हलला.
नऊ मासे, दोन गुंजा.

म्हणजे ती परत आली आहे, न सांगता,
या बोगद्यांत कुणाच्या तरी अंथरुणावर झोपते आहे.
किंवा गेलीच नाही.
किंवा गळ्यातली चकती काढून
इथेच कुठेतरी ठेवून गेली,
ओझं नको म्हणून,
की मला मोजता येऊ नये म्हणून.

काटा शून्यावर आणला. पुन्हा तोललं.
मग वजनांची पेटी उपसली,
पारड्याखाली हात घातला,
फरशीच्या फटींतून तार फिरवत बसले
पहाटेचा भोंगा होईपर्यंत.

आज हाद्रुकचा नंबर पहिला.
"डोळे लाल दिसतात," तो म्हणाला.
"धूळ गेली," म्हटलं. "ठेवा पारड्यात. सांभाळून."