पाचवा : चालू

दिवसा तो प्रवाळाच्या दगडाखाली,
करपलेल्या कॉफीच्या रंगाचा.
फेलिसियाना लाम्बे गुडघाभर समुद्रात वाकते,
दगड उलटते, आणि काम झालं की
होता तसाच ठेवते.
हे तिला शंख वेचणाऱ्या मामाने शिकवलं,
बेटावरचं संशोधन केंद्र तेव्हा नव्हतं.

बशीत घेतल्यावर:
मधली चकती बेलीझच्या शिलिंगाएवढी,
वर बारीक दाणे, चाळून उरलेल्या कसाव्याच्या भरडीसारखे.
उलटा केला तर पाच जबडे, तोंड एकच.
खाल्लेलं आत जातं त्याच वाटेने
नकोसं बाहेर येतं.
"थोरले दीर," ती पुटपुटते, आणि लिहीत नाही.

हातांना आतून मणके, सापाच्या पाठीसारखे.
कडेने काटे,
काट्यांच्या मधून लालभडक इवली पावलं
काचेला चाचपतात.
डोळे नाहीत.
सावली मात्र अंगभर कळते.

पेन्सिल जवळ नेली की
पलीकडचा हात म्होरक्या होतो,
शेजारचे दोन वल्ही मारतात
आणि तो निघतो,
न वळता.
पुढची बाजू कुठली, हा रकाना
तिने तीन दिवस कोरा ठेवलाय.

रात्री टॉर्च लावून पाहिलं तर
राखाडी. हातांवर पट्टे.
सकाळी डॉक्टर हॅल्वोर्सेन विचारतात, "रंग कोणता लावलास?"
"किती वाजताचा?"

मग त्यांचं बोट चित्रावर थांबतं.
"हा पाचवा पूर्ण कर. पुस्तकात पाचही पूर्ण लागतात."

आपण हात झटकतो ते बोलण्यापुरतं.
हा खरंच झटकतो.
खेकड्याने धरला की सांध्यातून सोडून देतो,
तुटका हात वाळूत वळवळत राहतो,
खेकडा त्यातच गुंततो,
आणि हा चार हातांनी फटीत.
रक्त नाही, आरडाओरडा नाही.
मग महिनोन्‌महिने
थोटकातून एक बारीक, फिकट शेपूट फुटत राहतं,
काटे अजून मऊ.

फेलिसियाना ब्रश धुते.
"पूर्ण असलेला सापडला
तर त्याचं चित्र वेगळं काढीन.
हा हा आहे."

डॉक्टर चष्मा पुसतात. होही म्हणत नाहीत.

ओहोटीला ती त्याला त्याच दगडाखाली सोडते.
तो बोटांवरून ओघळतो, थोडं खरवडत.
वहीत, ओल्या अंगठ्याचा डाग पडलेल्या पानावर:

हात पाच.
चार, प्रत्येकी बारा सेंटीमीटर.
पाचवा, नऊ मिलिमीटर. चालू.