आठांपैकी तीन

सिमला ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल खिडकीला पाठ करून होतं.
एकोणीस वर्षं मी एका बेटाचा समुद्र लिहिला
आणि बाहेर शिवाजीनगरात काय चाललंय
ते मला ओले पाय घेऊन आलेला शिपाई सांगायचा.

साडेआठचं निरीक्षण नऊपर्यंत हातात,
पाच-पाच आकड्यांच्या पुंजक्यांत.
मी ते सोडवायचे, शेंगा सोलाव्यात तसे:
वारा नैऋत्य, चौदा नॉट.
ढग आठांपैकी तीन.
पूर्व किनारा शांत. पश्चिमेला होड्या काढू नयेत.
दक्षिण टोकाला, जेटीपाशी, लाटा सव्वा मीटर.
पाऊस: नोंद घेण्याजोगा नाही.

हे शेवटचं मला फार आवडायचं.
म्हणजे पडला, पण मापात भरला नाही.
आमच्याकडे अशा पावसात
छत्री उघडावी की नाही यावर
अख्खा बसस्टॉप वाद घालतो.

निरोपाखाली दोन अक्षरं: बी. टी.
बार्नबस टायटस, हे नाव पगारपत्रकावरून कळलं.
आवाज कधी ऐकला नाही.
पण रविवारी संध्याकाळी त्याची दृश्यता हमखास वीस किलोमीटर.
एरवी बारा, चौदा.
सुट्टीच्या दिवशी माणूस लांबवर बघत असेल.

आणि महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी,
मुख्य भूमीवरून जहाज यायच्या दिवशी,
जेटीच्या लाटा पाव मीटरनं कमी.
दोन वर्षं मला वाटलं योगायोग.
मग मी जुन्या वह्या काढून बसले
आणि एकटीच हसले, डबा तसाच राहिला.

त्यानंतर दर दुसऱ्या गुरुवारी
मी कुणाला न सांगता पाव मीटर चढवायचे.
त्याची ओढ अधिक माझी खोड,
बेरीज करून समुद्र बरोबर यायचा.

एका आषाढात जहाज दोनदा चुकलं होतं.
बेटावर कांदे संपले असतील, बटाटे, रॉकेल,
कुणाचं तरी औषध.
त्यानं कळवलं: दीड.
पाव नव्हे, त्या दिवशी त्यानं चांगला एक मीटर गिळला होता.
शेजारच्या स्टेशनांचे आकडे ओरडून सांगत होते.
मी पेन खाली ठेवलं, उचललं,
अडीच लिहिलं.
जहाज वळून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप वेळेवर:
ढग आठांपैकी आठ.
उपग्रहाच्या चित्रात बेट लख्ख दिसत होतं,
घासून ठेवलेल्या वाटीसारखं.
साहेबांनी विचारलं, हे कसं?
म्हटलं, स्थानिक असेल सर.
आणि ते आठ तसेच जाऊ दिले.
त्यानं कुणाची होडी बुडणार नव्हती.

तीन दिवस आठ. चौथ्या दिवशी सहा.
पुढच्या सोमवारी तीन, आणि मला चहा गोड लागला.

मग बेटावर खांब उभा राहिला,
आकडे आपोआप येऊ लागले, दर पंधरा मिनिटांनी,
रविवार-गुरुवार सगळे सारखे.
बी. टी. गेला, निवृत्त की कसा ते ठाऊक नाही.
पाठोपाठ मीही.

भाची परवा तिकडे जाऊन आली, पाच रात्री सहा दिवस.
म्हणाली, मावशी, समुद्र एकदम मस्त होता गं.
विचारलं, पूर्वेचा की पश्चिमेचा?
म्हणाली, हॉटेलसमोरचा.

धायरीच्या गच्चीत कपडे वाळत घालायला जाते.
खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीपात्रातला रस्ता बंद,
इथल्या समुद्राची बातमी एवढीच.
वर बघून आकाश भाकरीसारखं आठ तुकड्यांत मोडते.
साडेतीन भरतात.
दोन चादरी आहेत, आणि उन्हाची गरज आहे,
तीन धरते.